एका वॅटचा हिशेब

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46 वर गेला की पानटपरीवर कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, आमच्या लहानपणीही असंच तापायचं!" खरंच तापायचं. एका गावाची एक दुपार हा तापमानवाढीचा पुरावा नसतोच. पुरावा ज्या आकड्यात आहे, तो दिसायला अगदीच किरकोळ: साधारण एक वॅट.

पृथ्वी सूर्याची उष्णता शोषते ती सरासरी दर चौरस मीटरला 240 वॅटच्या आसपास. तेवढीच अवकाशात परत गेली तर जमाखर्च जुळतो. सध्या जुळत नाही. हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड पूर्वी 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. मुख्यतः त्यामुळे एक वॅट आतच अडकतो. एवढ्यावर झिरोचा एलईडी दिवा लागेल, फार तर दोन.

आता गुणाकार करा. चौरस मीटरला एक वॅट म्हणजे चौरस किलोमीटरला एक मेगावॉट. पृथ्वीचा पृष्ठभाग 51 कोटी चौरस किलोमीटर. झाले 51 कोटी मेगावॉट! चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॉटचं. तशी पावणेदोन लाख केंद्रं, रात्रंदिवस, पूर्ण क्षमतेने.

मग आपण अजून शिजलो कसे नाही? यातली 90 टक्के उष्णता समुद्र गिळतो, हवेच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येते. अख्खं वातावरण एका अंशाने तापवणाऱ्या उष्णतेत समुद्राचा फक्त वरचा साडेतीन मीटरचा थर तेवढा तापतो, आणि समुद्र सरासरी 3,700 मीटर खोल आहे. हे अंदाजपंचे नव्हे. आर्गो प्रकल्पाची सुमारे 4,000 तरंगती यंत्रं दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल जातात, वर येताना थराथराचं तापमान मोजतात आणि उपग्रहाला कळवतात.

राहता राहिला टपरीवरचा दुसरा मुद्दा, "सूर्यच जास्त तापला असेल." तसं असतं तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्ये गणिताने दाखवलं होतं, की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि वरचं स्थितांबर उलट थंड होईल. पुढे उपग्रहांनी मोजलं, तर ते थंडच होत चाललेलं. मानाबेंना नोबेल मिळालं 2021 मध्ये, 54 वर्षांनी.