हरिणांची मृगया : बंदी कीं परवाना ?

हरिणांच्या शिकारीस सरकारनें परवाना द्यावा कीं ती सर्वस्वी बंद ठेवावी, या वादांत बंदीच्या बाजूनें अशोकाचें नांव हटकून पुढें येतें. भिवंडी तालुक्यांतील आम्हां मानकोलीकरांस तो पुरावा जवळचाच आहे. आमची उल्हास नदी जिच्या वाटे समुद्रास मिळते त्या वसईच्या खाडीच्या उत्तरेस सोपारें आहे, व तेथें 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. तो त्रुटित असला तरी गिरनार वगैरे ठिकाणच्या पाठांवरून आशय लागतो. पूर्वींचे राजे मृगयादि विहारासाठीं यात्रा करीत. अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर अशोकानें त्यांऐवजीं धर्मयात्रा आरंभिली. यांत प्रजेस मनाई कोठें आहे ? राजानें सोडला तो स्वतःचा विनोद. (पुढें बाराव्या शतकांत चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मृगया पुन्हा राजविनोदांतच बसली आहे !)

1909 सालीं शामशास्त्री यांनीं प्रसिद्ध केलेलें कौटिलीय अर्थशास्त्र या कामीं अधिक उपयोगी. त्यांतील सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत बंदी व परवाना शेजारीं शेजारीं नांदतात. अभयवनांतील मृगपक्ष्यांस मारणें, बांधणें वा इजा करणें यास उत्तम साहसदंड. ज्यांच्या वधाची वहिवाट आहे व जे राखीव नाहींत, त्यांचा सहावा हिस्सा सरकारांत, शिवाय मृगपशूंवर जकात. जिवंत धरलेल्यांपैकीं सहावा भाग अभयवनांत सोडून द्यावयाचा, ही तरतूद तर फारच मार्मिक. मात्र मृग म्हणजे हरिणच असें नव्हे, कोणतेंही श्वापद, हें पोथी वाचणारानें विसरूं नये.

1972 च्या वन्यजीव कायद्यांत शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीनें ते गेले. आमच्या मतें विनोदार्थ परवाना गेला तें योग्यच झालें. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. अकराव्या कलमान्वयें उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या कांहीं प्राण्यांविषयीं लेखी कारणें देऊन परवानगी देतां येते. परंतु काळवीट पहिल्या अनुसूचींत असल्यानें केवळ पीक खाल्लें म्हणून त्यास मारतां येत नाहीं. आजची विभागणी मुख्यतः जातीवर आहे, कौटिल्याची मुख्यतः स्थानावर होती. प्रकरणाच्या शेवटच्या श्लोकांत तो अभय मिळालेल्या परंतु दुष्ट झालेल्या पशूचा वध वा बंधन सांगतो, तेंही राखीव स्थानाच्या बाहेर. पीक खाणारें हरिण या दुष्टांत धरावें काय, यावर विद्वानांनीं टीकाग्रंथ पाहून लिहावें.