सुताराचीं तीन हत्यारें : आधीं कोणतें घ्यावें?

सुतारकामाचें दुकान नव्यानें मांडणाऱ्या तरुणापुढें भांडवल थोडें आणि हत्यारें फार, असा पेंच नेहमींच पडतो. करवत, रंधा, पटाशी व गुण्या हीं तर हवींतच. परंतु त्यानंतर उरलेला पैसा शिकंज्यांत घालावा, घासण्याच्या यंत्रांत घालावा, कीं कडा छाटण्याच्या यंत्रांत? विजेच्या यंत्रांकडे मन आधीं धांवतें. तथापि एकाची उणीव दुसऱ्यानें भरून निघते कीं नाहीं, हें पाहूनच निर्णय करणें शहाणपणाचें होय.

४ फूट लांब व २ फूट रुंद असा सागवानी टेबलाचा माथा करावयाचा आहे, असें समजूं. त्यासाठीं ४ इंच रुंदीच्या सहा फळ्या कडेला कड लावून सरसानें जोडाव्या लागतात. सरस पक्का धरतो तो दाबामुळें. दाब अपुरा पडला तर सांध्यांत सरसाचा जाड थर राहतो, आणि पुढें ऋतुमानाप्रमाणें लांकूड फुगूं-आटूं लागलें कीं तेथेंच भेग पडते. शिकंज्याचा दाब लांकडांत दोन्ही अंगांस सुमारें ४५ अंशांनीं पसरत जातो. म्हणजे ४ इंचांवरील पहिल्या सांध्यापर्यंत पोहोंचतांना तो ८ इंच लांबी व्यापतो. म्हणून ४८ इंच लांबीच्या माथ्यास सहा शिकंजे हवेत. ते तीन खालून व तीन वरून, आळीपाळीनें लावावे. सर्व एकाच बाजूनें लावल्यास माथा कमानीसारखा वांकतो. ओल्या सरसापाशीं सागाला लोखंड टेकल्यास काळे डाग पडतात, यास्तव मध्यें कागद घालावा. रुंद कामासाठीं नळाच्या पाइपावर चढविण्याचे जबडे स्वस्त पडतात, कारण पाइप बदलला कीं लांबीहि बदलते. लहान कामास जी-क्लॅम्प पुरतो. समांतर जबड्यांचे शिकंजे महाग खरे, पण कपाटाचा काटकोन त्यांत उत्तम राहतो.

घासण्याच्या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पट्ट्याचें यंत्र, म्हणजे बेल्ट सँडर, झपाट्यानें लांकूड खातें. पण क्षणभर एका जागीं थांबलें कीं खळगा पडतो. प्लायवुडवरील पातळ पापुद्रा तर तें पाहतां पाहतां उडवितें. चकतीचें ऑर्बिटल यंत्र फिरतां फिरतां थोडें हेलकावतें, त्यामुळें ओरखडे कमी उठतात. नव्या माणसानें हेंच घ्यावें. कागद ८०, १२०, १८० अशा क्रमानें वापरावा. मधला अंक गाळल्यास जाड कागदाचे ओरखडे पॉलिशखालीं उघडे पडतात. घासतांना उडणारी बारीक धूळ मात्र क्षुल्लक समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. म्हणून यंत्राला धूळ ओढणारी नळी आणि नाकातोंडावर चांगला मास्क, हा खर्च यंत्राच्या किंमतींतच धरावा.

कडा छाटण्यास ट्रिमर हें लहान यंत्र वापरतात. त्याच्या पात्याला बेअरिंग असल्यास सनमायकाचा बाहेर आलेला भाग प्लायवुडशीं बरोबर समतल होतो. काम करणाऱ्यानें जवळच्या कडेवर तें डावीकडून उजवीकडे न्यावें. उलट नेल्यास पातें लांकडावर चढून हात ओढतें. परंतु ज्या दुकानांत सनमायकाचें काम थोडें, तेथें कानस आणि लहान रंधा यांवर भागतें. रंध्यानें फळीचें टोंक साफ करतांना दोन्ही कडांकडून मध्याकडे यावें, म्हणजे कोपऱ्याची ढलपी उडत नाहीं.

आतां तिघांची तुलना सोपी आहे. घासण्याचें व कड साधण्याचें काम वेळ लागला तरी हातानें होतें. पण पांढरा सरस धरेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहा फळ्या सारख्या दाबून धरणें कोणाच्याहि हातांना शक्य नाहीं. शिवाय कड बिघडली तर पुन्हां साधतां येते. सरस वाळल्यावर फसलेला सांधा मात्र करवतीनें कापूनच काढावा लागतो. म्हणून पहिला पैसा शिकंज्यांवर, दुसरा घासण्याच्या यंत्रावर व धुळीच्या बंदोबस्तावर, आणि सनमायकाचीं कामें येऊं लागलीं म्हणजे तिसरा ट्रिमरवर खर्चावा. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या कारागिराचें दुकान मंद गतीनें वाढेल. पण त्याचे सांधे उकलणार नाहींत, आणि गिऱ्हाईक पुन्हां त्याच दारीं येईल.