एक ग्रंथ, दोन वाचने : बायबलच्या अर्थनिर्णयाचा वाद आणि मराठी

ख्रिस्तपुराण शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. गेल्या वर्षी तो दोन विद्यार्थिनींनी एकाच तासाला विचारला. एक मूळच्या वसईच्या कॅथलिक घरातली, दुसरी बेळगावहून आलेली, प्रोटेस्टंट घरातली. दोघींनी आपापल्या घरचे मराठी बायबल आणले होते. एकीच्या अनुक्रमणिकेत ७३ पुस्तके होती, दुसरीच्या ६६. "सर, यातलं खरं बायबल कोणतं?"

मी साहित्याचा अभ्यासक आहे, धर्मशास्त्राचा नव्हे. खरे कोणते, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र हे दोन पाठ वेगळे का झाले आणि त्यामागे कोणता वाद आहे, हे समजावून सांगणे भाषेच्या शिक्षकाला शक्य आहे. किंबहुना ते त्याचे कामच आहे. कारण हा वाद अखेरीस शब्दांच्या अर्थाचा आणि तो अर्थ कोणी ठरवायचा याचा आहे.

प्रथम संख्येचा उलगडा करू. 'नव्या करारा'ची २७ पुस्तके दोन्ही पंथांना सारखीच मान्य आहेत. फरक आहे तो 'जुन्या करारा'त. येशूच्या काळी ज्यूंमध्ये हिब्रू ग्रंथांबरोबर त्यांचा एक ग्रीक अनुवादही प्रचारात होता आणि त्याच्या परंपरेत काही अधिक पुस्तके होती. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजाने प्रामुख्याने हा ग्रीक पाठ वापरला. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने हिब्रू संग्रह प्रमाण मानला. तोबित, युदिथ, मक्काबींची दोन पुस्तके इत्यादी सात पुस्तके त्याने आपल्या १५३४ च्या जर्मन बायबलात वेगळ्या विभागात ठेवली. वाचण्यास उपयुक्त, पण धर्मग्रंथाच्या तोलाची नव्हेत, अशी त्याची भूमिका होती. उलट ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने १५४६ मध्ये ती सर्व पुस्तके प्रमाण असल्याचे घोषित केले. हा केवळ यादीचा प्रश्न नव्हता. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात मृतांसाठी प्रार्थना केल्याचा प्रसंग येतो. मृतात्म्यांच्या शुद्धिस्थानाविषयीच्या कॅथलिक शिकवणुकीला त्याचा आधार दिला जातो. पुस्तक यादीतून गेले की तो आधारही जातो.

आता शब्दांकडे वळू. येशूच्या उपदेशाच्या आरंभी ग्रीक पाठात जे क्रियापद येते, त्याचा मूळ अर्थ मन पालटणे असा आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिद्ध केलेल्या लॅटिन पाठात त्या जागी आलेला शब्दप्रयोग मध्ययुगात 'प्रायश्चित्त करा' असा समजला जाऊ लागला. मराठी वाचकाला हा भेद लगेच उमगावा. पश्चात्ताप मनात होतो. प्रायश्चित्त विधीने, कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतले जाते. १५१६ मध्ये इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला आणि विद्वानांना मूळ शब्दाशी ताडून पाहण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी ल्यूथरने मांडलेल्या ९५ प्रमेयांपैकी पहिली दोन नेमक्या याच शब्दाविषयी आहेत. हा उपदेश माणसाच्या संपूर्ण जीवनाला उद्देशून आहे, धर्मगुरूपुढे होणाऱ्या पापनिवेदनाच्या विधीपुरता नाही, असे त्याचे म्हणणे होते.

दुसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. पौलाच्या पत्रांत देव माणसाला नीतिमान 'करतो' की नीतिमान 'ठरवतो'? लॅटिन शब्दाच्या घडणीतच 'करणे' आहे. ग्रीक क्रियापदाला न्यायालयातल्या निवाड्याची, म्हणजे 'ठरवणे' या अर्थाची छटा आहे. 'करणे' म्हटले की माणूस आतून हळूहळू बदलतो आणि त्याच्या सत्कर्मांना त्यात स्थान मिळते. 'ठरवणे' म्हटले की निर्णय देवाचा, आणि माणसाकडे उरतो तो केवळ विश्वास. ल्यूथरने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अनुवादात 'केवळ' हा शब्द घातला. तो मूळ ग्रीकमध्ये नाही, असा आक्षेप लगेच आला. १५३० मध्ये भाषांतरावर लिहिलेल्या एका खुल्या पत्रात त्याने उत्तर दिले : शब्द मुळात नसला तरी अर्थ तसाच आहे आणि जर्मन भाषेची धाटणी तो मागते, भाषांतर करणाऱ्याने घरातल्या आईचे, रस्त्यावरच्या मुलांचे, बाजारातल्या माणसाचे बोलणे ऐकावे. अनुवादाच्या अभ्यासक्रमात हे पत्र आजही अभ्यासले जाते. विरोधकांचे उत्तरही दुबळे नव्हते. विश्वास आणि 'केवळ' हे शब्द बायबलात एकत्र येतात ते याकोबाच्या पत्रात, आणि तेथे केवळ विश्वास पुरेसा नाही असेच सांगितले आहे.

अशा ठिकाणी निवाडा कोणी करायचा? खरा मतभेद येथे आहे. प्रोटेस्टंटांच्या मते धर्मग्रंथ हाच अंतिम प्रमाण आहे. त्यातील अवघड वचनाचा अर्थ त्यातीलच स्पष्ट वचनांवरून लागतो. म्हणून तो प्रत्येकाच्या हाती, प्रत्येकाच्या भाषेत असायला हवा. धर्मसंस्था चुकू शकते, म्हणून तिलाही ग्रंथापुढे उत्तर द्यावे लागेल. कॅथलिकांच्या मते ग्रंथ आणि परंपरा एकाच उगमातून आलेल्या आहेत. कोणती पुस्तके प्रमाण हे ज्या समाजाने ठरवले, त्याच्याच वाचनपरंपरेला बाजूला ठेवून ग्रंथाचा अर्थ लावता येत नाही. धर्मसभेने धरलेल्या अर्थाविरुद्ध कोणी स्वमताने अर्थ लावू नये, असे ट्रेंटने बजावले.

दोन्ही भूमिकांना आपापली अडचण आहे. ग्रंथ स्वयंस्पष्ट असेल, तर १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले असता एका 'आहे' या क्रियापदावर एकमत का होऊ शकले नाही? अखेरच्या भोजनातली भाकर ख्रिस्ताचे शरीर 'आहे', यातला 'आहे' ल्यूथरने अक्षरशः घेतला. झ्विंग्लीने त्याचा अर्थ 'दर्शवते' असा केला. पुढे प्रोटेस्टंट पंथांनीही आपापली लेखी मतपत्रके तयार केली. म्हणजे परंपरा दुसऱ्या दाराने आत आलीच. पण अर्थाची राखण परंपरेनेच करायची, तर परंपरेत शिरलेली चूक कोण दाखवणार? लॅटिन शब्दावर साचलेला अर्थ ग्रीक पाठ उघडल्यावरच दिसला, हे विसरता येत नाही.

आता या वादाचा मराठीशी संबंध पाहू. मराठीत बायबलची कथा आली ती दोन वाटांनी, आणि त्या दोन वाटांवर या मतभेदाची खूण स्पष्ट आहे.

पहिली वाट गोव्याची. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स ट्रेंटनंतरच्या वातावरणात घडलेला होता. लोकभाषेतील बायबल वाचायचे तर धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी, असा नियम रोमने १५६४ मध्ये केला होता. स्टीफन्सने बायबलचे भाषांतर केले नाही. त्याने पुराण रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. कथा आणि तिचा अर्थ येथे एकत्रच सांगितला जातो; श्रोत्याला अर्थ लावायला एकटे सोडलेले नाही. ही रीत आपल्याला परकी नव्हती. मराठी माणसाला गीता भेटली ती ज्ञानेश्वरांच्या टीकेतून आणि भागवताचा एकादश स्कंध एकनाथांच्या विवेचनातून. कॅथलिक परंपरेची वाचनपद्धती आणि मराठीची पुराणपरंपरा यांचा असा मेळ बसला.

दुसरी वाट बंगालमधल्या श्रीरामपूरची. तेथे बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. हे गद्य भाषांतर होते : मुळाशी निष्ठा, अर्थ वाचकावर सोपवलेला. त्याच विचाराच्या टोकाशी पंडिता रमाबाई दिसतात. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली.

हे लक्षात न घेता आपण शिकवतो तेव्हा दोन्हीकडे अन्याय होतो. ख्रिस्तपुराणात मूळ वचने 'सुटली', भर 'घातली', असे शेरे मी उत्तरपत्रिकांत वाचले आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्गात तसे बोललो आहे. ते भाषांतर नाहीच. त्याला भाषांतराची फूटपट्टी लावणे चूक. उलट मिशनरी भाषांतराचे गद्य रूक्ष म्हणून मोडीत काढताना, वाचकाच्या आणि मुळाच्या मध्ये आपण येऊ नये म्हणून भाषांतरकाराने स्वतःला आवरले होते, हे आपण पाहत नाही.

विसाव्या शतकात हे अंतर पुष्कळ कमी झाले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मग्रंथ सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध असावा असे सांगितले आणि इतर ख्रिस्ती पंथांच्या सहकार्याने भाषांतरे करण्यास वाट मोकळी केली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी 'नीतिमान ठरणे' या विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मराठीत कॅथलिक धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' सामान्य वाचकाच्या हाती आले. तरीही खुणा उरल्या आहेतच. ख्रिस्ती समाजासाठी मराठी प्रोटेस्टंट 'मंडळी' म्हणतात, कॅथलिक 'ख्रिस्तसभा'. एकाच ग्रीक शब्दाची ही दोन मराठी रूपे. एकात जमलेली माणसे आधी दिसतात, दुसऱ्यात संस्था.

त्या दोघींना मी त्या दिवशी एवढेच सुचवले, की दोन्ही बायबलांतला एकच अध्याय शेजारी ठेवून वाचा आणि जिथे शब्द वेगळा दिसेल तिथे खूण करा. पुढच्या तासाला त्या खुणांनी भरलेली दोन पाने घेऊन आल्या. 'खरे कोणते' हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. 'हा शब्द इथे का निवडला?' असे विचारू लागल्या. श्रद्धेचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे. हा दुसरा प्रश्न मात्र वर्गाचा आहे, आणि तो विचारायला शिकवणे आपल्या हाती आहे.