चित्रं बघायची नसतात, वाचायची असतात



आपल्या शाळेच्या वाचनपेटीत चित्रांची पुस्तकं बरीच आहेत. मधल्या सुट्टीत कुणी ती उघडून बसलं की मोठी माणसं हटकून म्हणतात, "नुसती चित्रं काय बघतोस? वाच की!" पण चित्रसुद्धा वाचावंच लागतं. कसं ते बघा.

समजा, पानावर एवढंच छापलं आहे : आजी गवताचा भारा घेऊन घरी निघाली. खाली चित्र आहे. त्यात आजी, बांध आणि मागच्या उसात दोन पिवळे डोळे. आजीला ते माहीत नाहीत, छापलेल्या ओळीलाही माहीत नाहीत. फक्त आपल्याला दिसतात. जुन्नर-आंबेगावच्या पोराला हे समजावून सांगायला नको. ऊस उभा असला की दिवेलागणीला आपण आधी उसाकडे बघतो, मग पाऊल टाकतो.

इंग्लंडच्या पॅट हचिन्स या बाईंनी १९६८ साली असंच एक पुस्तक काढलं, 'रोझीज वॉक'. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. मागे कोल्हा लागलेला. तो झेप घेतो आणि दर वेळी फजित होतो. कधी तळ्यात पडतो, कधी अंगावर पीठ सांडून घेतो. कोंबडी मागे वळूनही बघत नाही. गंमत अशी की अख्ख्या पुस्तकात कोल्हा हा शब्दच नाही! जो नुसती अक्षरं वाचेल तो म्हणेल, कोंबडी फिरून घरी आली, झालं. आणि अंगणवाडीतलं पोर, ज्याला अजून अ-आ येत नाही, त्याला मात्र सगळी गोष्ट कळते.

आता चित्र बोलतं कशानं? पहिली रेघ. डहाणूकडची वारली चित्रं घ्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढंच सामान. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल, आणि काड्यांसारखे हातपाय. नाक नाही, डोळे नाहीत. तरी माणूस नाचतोय, भात लावतोय की ओझ्यानं वाकलाय, ते कमरेच्या वाकण्यावरून लगेच ओळखू येतं. जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माधुरी पुरंदरे यांची चित्रं अगदी वेगळी. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. 'राधाचं घर' मध्ये घरातली माणसं आपल्याच घरातल्यासारखी वाटतात. आई दमलीय की रागावलीय हे तिच्या बसण्यावरून कळतं. एकच कोंबडी दोघांनी काढली तर दोन वेगळ्या कोंबड्या होतील. त्यालाच शैली म्हणतात. यात खरी कुठली आणि खोटी कुठली, असं विचारू नये.

रंगाचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सोडून देतो. जागेचं मात्र सांगितलंच पाहिजे, कारण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मॉरिस सेंडाक या अमेरिकन चित्रकाराचं १९६३ सालचं पुस्तक आहे, 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'. त्यात मॅक्स नावाच्या मुलाला उपाशी झोपायला पाठवतात. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती पांढरी जागा. खोलीत रान उगवायला लागतं तसतशी चित्रं वाढत जातात. शेवटी राक्षसांचा धिंगाणा सुरू होतो तेव्हा दोन्ही पानं चित्रानंच भरतात आणि शब्दांना जागाच उरत नाही! सगळ्यांत मोठा आरडाओरडा असलेल्या पानांवर एकही अक्षर नाही.

हे सगळं साहेबाकडूनच आलं असं समजू नका. सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकेक करून पुढे धरायची आणि गात गात गोष्ट सांगायची. माणसं बहुतेक एका बाजूनं काढलेली, डोळे टपोरे. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत सांगणारा घाई करत नाही. लोकांचं बघून झाल्याशिवाय तो पुढचं चित्र काढत नाही. पालकांनो, घरी पुस्तक वाचून दाखवताना तुम्हीही पान लगेच उलटू नका. ओळ वाचून झाली तरी पोराचं बोट अजून चित्रावर फिरत असतं.

चित्र गेलं आणि नुसती अक्षरं राहिली तर काय होतं, ते आपल्या तालुक्यातच बघायला मिळतं. नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत नाव होतं. मूर्ती फुटून गेल्या. आता पायांच्या खुणा तेवढ्या दिसतात, वर नावं आहेत. सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं जाणकारांनी वाचली. पण राणी नागनिका उंच होती की ठेंगणी, तिनं कोणते दागिने घातले होते, ती हसत होती का, हे त्या अक्षरांतून कळत नाही.

तिसरीच्या मुलांनी उसातल्या बिबट्याची सहा चित्रांची गोष्ट केली आहे. ती या फळ्याच्या उजव्या बाजूला लावली आहे. खाली एकही ओळ लिहिलेली नाही. चौथ्या चित्रात कुत्रं कुठं आहे ते शोधा.