घोड्याचे शेपूट आणि हरवलेले तास

कंबर कधीच दुखली नाही असा माणूस विरळा. दिवसभर फळ्यासमोर उभे राहणाऱ्या शिक्षकांना तर हे सांगायला नकोच. बहुतेक वेळा हे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. म्हणून डॉक्टर वेदनाशामक गोळ्या देतात आणि हालचाल चालू ठेवायला सांगतात. त्यात काही चुकत नाही. पण क्वचित एखाद्या रुग्णाच्या बाबतीत हीच कंबरदुखी तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ आणते. ती ओळखायला उशीर झाला, तर नुकसानभरपाई कशी ठरते? हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच कार्यकारणभावाचा आहे.

आधी शरीररचना पाहू. गर्भावस्थेत सुरुवातीला मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. पुढे कणा भराभर वाढतो आणि मज्जारज्जू मागे पडतो. त्यामुळे प्रौढ माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखालच्या चेतातंतूंना मात्र आपापल्या ठरलेल्या मणक्यांमधूनच बाहेर पडायचे असते. म्हणून ते कण्याच्या पोकळीत लांबवर लोंबत राहतात. हा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याचे लॅटिन नाव 'कॉडा इक्विना', अर्थात अश्वपुच्छ. पाय, मूत्राशय, गुदद्वार आणि जननेंद्रिये यांचे संदेश याच झुबक्यातून जातात.

दोन मणक्यांमधली गादी फुटून तिचा मोठा तुकडा मागे सरकला, तर हे सारे तंतू एकदम चेपले जातात. मग दोन्ही पायांत कळा येतात, लघवीची जाणीव कमी होते, धार सुरू व्हायला वेळ लागतो. खोगिरावर बसल्यावर जो भाग टेकतो, नेमका तोच बधिर होतो. या अवस्थेत दाब काढला, तर मूत्राशयावरचा ताबा टिकण्याची आशा चांगली असते. पुढच्या अवस्थेत लघवी तुंबते आणि नकळत गळू लागते. त्यानंतर शस्त्रक्रिया केली तरी ताबा परत येईलच असे सांगता येत नाही. या दोन अवस्थांमध्ये कधी कधी काही तासांचेच अंतर असते. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०२३ साली ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार, अशी शंका आल्यास मागणी नोंदवल्यापासून चार तासांच्या आत एमआरआय तपासणी व्हायला हवी.

आता कायदा. भरपाई मागणाऱ्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : डॉक्टरांची चूक झाली, आणि त्या चुकीमुळेच हानी झाली. पहिल्या गोष्टीसाठी इंग्लंडमधल्या १९५७ च्या एका खटल्यातली कसोटी लावतात : त्या शाखेतल्या जबाबदार जाणकारांनी मान्य केली असती अशी वागणूक होती का? खरी कसोटी लागते ती दुसऱ्या गोष्टीत.

१९६६ च्या पहिल्याच दिवशी लंडनमध्ये रात्रपाळीचे तीन पहारेकरी चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागल्याने रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी त्यांना न तपासताच घरी पाठवले. त्यांतला एक जण त्याच दिवशी मरण पावला. चहात आर्सेनिक होते. न्यायालयाने रुग्णालयाची चूक मान्य केली, पण भरपाई नाकारली. कारण तपासले असते तरी उतारा वेळेत देता आला नसता.

दुसरे उदाहरण १३ वर्षांच्या एका मुलाचे. १९७७ साली तो झाडावरून पडला. खुब्याची इजा पाच दिवस ओळखली गेली नाही आणि कायमचे अपंगत्व आले. वेळीच निदान होऊनही अपंगत्व येण्याची शक्यता ७५ टक्के होती, असे न्यायाधीशांना आढळले. उरलेली २५ टक्के संधी हिरावली गेली म्हणून त्यांनी चतुर्थांश भरपाई दिली. १९८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ती रद्द केली. कारण निम्म्याहून अधिक शक्यता अशी होती की अपंगत्वाला पडणेच कारणीभूत होते.

हाच तर्क अश्वपुच्छाला लावून पाहा. समजा, रुग्ण रात्री दहाला आला, तेव्हा लघवीवर ताबा होता. तपासणी झाली नाही, आणि दुपारपर्यंत ताबा गेला. इथे उशीर आणि हानी यांची सांगड घालता येते. मग उपचार, बुडालेली कमाई, आयुष्यभराची नळी आणि शुश्रूषा हे सारे हिशेबात धरले जाते. पण येतानाच ताबा गेला असेल, तर चूक दिसूनही दावा डळमळतो. म्हणून केसपेपरवर लक्षणांपुढे लिहिलेली वेळ हाच इथला मोठा पुरावा.

भारतात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २००५ साली १९५७ ची ती कसोटीही स्वीकारली. आता २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीची मुदत साधारणपणे दोन वर्षे आहे. रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असा २००२ चा नियम सांगतो.

पण कोणतीही रक्कम मूत्राशयावरचा ताबा परत आणत नाही. आणि हे तास पुष्कळदा लाजेपायी हरवतात. रुग्ण लघवीबद्दल बोलत नाही, डॉक्टर विचारत नाहीत. चेतासंस्थेचा धडा शिकवताना या अवयवांची नावे आपण संकोच न करता उच्चारली, तर उद्या एखादा विद्यार्थी योग्य वेळी योग्य वाक्य बोलेल : 'डॉक्टर, कंबर दुखतेच, पण कालपासून लघवीची जाणीवही होत नाही.'