नियम क्रमांक बारा

महाराष्ट्र शासनाचा कुठलाही जीआर उघडा, शेवटची ओळ ठरलेली : 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. खाली सही असते अवर सचिवाची नाहीतर उपसचिवाची. राज्यपालांनी तो कागद बहुतेक वेळा पाहिलेलाही नसतो. दिल्लीतल्या आदेशांवर हीच ओळ राष्ट्रपतींच्या नावाने येते. कलम ५३ प्रमाणे संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींची आणि कलम ७४ प्रमाणे ती चालवायची मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने. पण कुठला निर्णय मंत्र्याने एकट्याने घ्यायचा, कुठला सगळ्यांनी बसून, हे घटना सांगत नाही. ते कलम ७७ खाली १४ जानेवारी १९६१ ला केलेल्या दोन नियमावल्यांत सापडतं. देश चालतो तो या दोन रुक्ष पुस्तिकांवर, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

पहिली नियमावली कामाच्या वाटणीची. जुलै २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झालं आणि आपल्याकडे साखरपट्ट्यात भुवया उंचावल्या, कारण सहकारी संस्था हा मुळात राज्यसूचीतला विषय. पण त्या मंत्रालयासाठी संसदेत विधेयक आणावं लागलं नाही. कृषी मंत्रालयाकडचं काम काढून नव्या मंत्रालयाच्या नावे लिहिलं, की काम झालं.

दुसरी नियमावली कामकाजाची, आणि खरी गंमत तिच्यात आहे. एखादा मोठा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे न्यायचा, तर संबंधित खातं आधी टिप्पणी तयार करतं. पैशाचा प्रश्न असेल तर ती अर्थ खात्याकडे, कायद्याचा असेल तर विधी खात्याकडे, शिवाय ज्यांचा ज्यांचा संबंध त्या सगळ्यांकडे फिरते. कुणी विरोधी शेरा मारला तर तो लपवता येत नाही, टिप्पणीतच नोंदवावा लागतो. मंत्र्याने मान्यता दिल्यावर ती मंत्रिमंडळ सचिवालयाकडे जाते आणि तिथून सगळ्या मंत्र्यांकडे. बैठक झाली की इतिवृत्त लिहिलं जातं. या फिरतीला लोक लालफीत म्हणून नावं ठेवतात, आणि ते पुष्कळदा खरंही असतं. पण कुणी काय आक्षेप घेतला होता, याचा पुरावा मागे राहतो तोही याच फिरतीमुळे.

ही फिरती झालीच नाही तर काय होतं, हे मराठी माणसाला १९५६ साली कळलं. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा जूनमध्ये पंडित नेहरूंनी केली. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्यांनी राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात तो बाणेदारपणा म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो होताच. मात्र जुलैमध्ये लोकसभेत केलेल्या निवेदनात त्यांनी मुंबईवरच्या अन्यायाबरोबर आणखी एक तक्रार मांडली होती, ती सहसा कुणी सांगत नाही. या प्रस्तावाचा मंत्रिमंडळात विचार झाला नाही, तो मंत्र्यांकडे फिरवलाही नाही, आणि या तथाकथित निर्णयाचा अधिकृत मजकूर आजही सदस्यांपाशी नाही, असं ते म्हणाले. आयसीएसमध्ये मुरलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर राहिलेला माणूस कागद कुठे आहे हे विचारणारच. मला तर त्या भाषणाचा सगळ्यात टोकदार भाग तोच वाटतो. नेहरूंना हा आक्षेप मान्य नव्हता.

पुढे १९६१ च्या कामकाज नियमांत पंतप्रधानांसाठी अधिकृत वाटच ठेवलेली आहे. नियम १२ सांगतो, की पंतप्रधानांना आवश्यक वाटेल तेवढ्यापुरती या नियमांपासून फारकत घ्यायला ते परवानगी देऊ शकतात, किंवा झालेली फारकत क्षमापित करू शकतात. युद्ध, महापूर अशा वेळी ही सोय लागतेच. २५ जून १९७५ च्या रात्री इंदिरा गांधींनी मंत्रिमंडळ न बोलावता आणीबाणीची शिफारस राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे पाठवली ती याच नियमाचा हवाला देऊन. मंत्र्यांना बोलावणं गेलं दुसऱ्या दिवशी पहाटे, मान्यता द्यायला.

२३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ तर सगळ्यांच्या आठवणीत आहे. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठल्याची अधिसूचना पहाटे ५.४७ ला निघाली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी उरकला. राजवट उठवायची तर शिफारस मंत्रिमंडळाची लागते, पण ते बसलंच नव्हतं. पुन्हा नियम १२. मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घ्यायची होती. ते सरकार २६ नोव्हेंबरला कोसळलं.

१९७५ चा धडा घेऊन १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मध्ये एक अट घातली : मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय आणीबाणी जाहीर होणार नाही. घटनेतच अट आल्यामुळे तिथे नियम १२ चालत नाही. राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ मध्ये मात्र तशी अट कुणी घातली नाही.