विमानतळावरील तपासणी, संप आणि उत्तरदायित्व: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत विमानतळ नसला, तरी सुरक्षेची नोकरी येथे घरोघरी परिचयाची आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर खासगी रक्षक उभे असतात, आणि लोहगावच्या पुणे विमानतळावर गणवेशात दिसणारी नोकरी भरतीची तयारी करणाऱ्या अनेक तरुणांना खुणावते. तिच्याविषयीचे काही समज मात्र वस्तुस्थितीला धरून नाहीत.

विमानतळावर तपासणी करणारे सर्वजण एकाच खात्याचे पोलीस असतात, हा त्यांतील सर्वांत रूढ समज होय. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, म्हणजे सीआयएसएफ, करते. विमानाच्या पोटात जाणारे सामान क्ष-किरण यंत्रावर पाहणारे ‘स्क्रीनर’ मात्र बहुधा विमानतळचालकाचे, विमान कंपनीचे किंवा भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या उपकंपनीचे कर्मचारी असतात आणि त्यांपैकी अनेकांची नेमणूक ठरावीक मुदतीच्या करारावर होते. रांग लावण्यासारख्या दुय्यम कामांसाठी तर सीआयएसएफची तीन हजारांहून अधिक पदे रद्द करून तेथे खासगी रक्षक नेमण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. नियम ठरवणारा व स्क्रीनरला प्रमाणपत्र देणारा नागरी विमान सुरक्षा ब्युरो यांपैकी बहुतेकांचा मालक नाही. त्यामुळे एकाच छपराखाली तीन-चार मालक आणि तितकेच सेवानियम नांदतात, आणि चूक झाली की जबाबदारी नेमकी कोणाची हा प्रश्न येथूनच अवघड होतो.

दुसरा समज असा की, इतर कामगारांप्रमाणे सीआयएसएफचे जवानही संघटना करून संपावर जाऊ शकतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, १९६६ च्या कायद्याने पोलीस दलांच्या संघटनस्वातंत्र्यावर बंधने आणली आहेत, आणि १९६८ च्या सीआयएसएफ कायद्याने या जवानांना औद्योगिक विवाद कायद्यातूनच वगळले. या कठोरतेमागे इतिहास आहे. जून १९७९ मध्ये बोकारो येथे सीआयएसएफच्या जवानांचे आंदोलन मोडण्यासाठी लष्कर आले, गोळीबारात अनेकांचे प्राण गेले, आणि १९८३ च्या दुरुस्तीने हे दल संघराज्याचे सशस्त्र दल झाले. महाराष्ट्रानेही हे जवळून पाहिले आहे: ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईतील पोलिसांनी वेतन, कामाचे तास आणि वागणुकीच्या तक्रारींवरून उठाव केला, शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. बंदूक हाती असणाऱ्याने संप करू नये हे मान्य करता येते. पण ज्याचा संपाचा हक्क काढून घेतला, त्याचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकून घेणे हे राज्याचे अधिकच मोठे कर्तव्य ठरते, आणि या कर्तव्याची चर्चा फारच कमी होते.

‘सरकारी नोकर, त्याला कोण हात लावणार’ हेही खरे नाही. कर्तव्यात कसूर करणाऱ्या किंवा परवानगीवाचून काम सोडणाऱ्या जवानाला कैदेची शिक्षा होऊ शकते. सीआयएसएफच्या २००१ च्या नियमांखाली विभागीय चौकशी होऊन बडतर्फीही होते. त्यावर वरिष्ठांकडे अपील करता येते आणि नंतर थेट उच्च न्यायालयात दाद मागता येते, कारण प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट सशस्त्र दलांना खुली नाही.

कंत्राटी रक्षकाला हक्कच नसतात, हा समज रांजणगाव-कुरकुंभच्या फाटकांवर सर्वाधिक नुकसान करतो. महाराष्ट्राचा खासगी सुरक्षारक्षक कायदा १९८१ चा आहे. त्याखालील सुरक्षारक्षक मंडळात नोंदणी झालेल्या रक्षकाचे वेतन मालक मंडळाकडे भरतो आणि मंडळ ते रक्षकाला देते. कारखान्याचे थेट, कायम नोकर असलेले रक्षक यात येत नाहीत, तर काही एजन्सींच्या रक्षकांना सूट मिळते. पण सूट म्हणजे हक्कांची माफी नव्हे, कारण त्यांना मिळणारे लाभ मंडळाच्या लाभांहून कमी नसावेत ही तिची अट आहे. म्हणून भरतीला जाणाऱ्या तरुणाने नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, मुदत किती आहे आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढे वाचून घ्यावे.